मोफत शास्त्रीय संगीत इंटरनेटवर: शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः हिंदुस्थानी संगीताबद्दल आहेत, कारण विचारणारे बहुतेक तेच ऐकतात. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा एक प्रश्न शेवटाकडे आहे. उत्तरांचा कल जुन्या तबकड्यांकडे झुकलेला वाटेल. तो तसा आहेच, आणि का ते पहिल्या दोन-तीन उत्तरांत कळेल.

शास्त्रीय संगीत खरंच फुकट आणि कायदेशीर मिळतं का, की सगळी चोरीच?

मिळतं, आणि एका जन्मात ऐकून संपणार नाही इतकं मिळतं. फक्त ‘ऐकायला फुकट’ आणि ‘उतरवून घ्यायला फुकट’ यांची गल्लत करू नका. आकाशवाणीचं प्रसारण, कलाकारांनी स्वतः टाकलेले व्हिडिओ, स्ट्रीमिंग ॲपमधली जाहिरातींसह येणारी गाणी ही पहिल्या प्रकारात मोडतात. फाइल आपल्या संगणकावर ठेवता येईल, मित्राला देता येईल, शिकवताना लावता येईल, असा माल त्या मानाने थोडा. त्यातला सर्वात मोठा आणि माझ्या मते सर्वात सकस भाग म्हणजे १९६०च्या आसपासपर्यंतच्या ध्वनिमुद्रिका. त्यांच्यावरचा हक्क भारतात संपलेला आहे. गंमत म्हणजे बऱ्याच जणांना नेमक्या याच नको असतात. ‘खरखर फार आहे हो’ म्हणून ते पुढे जातात.

हक्क संपला आहे हे कसं ओळखायचं?

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो. मोजणी तबकडी ज्या वर्षी प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. म्हणजे १९५५ साली बाजारात आलेली तबकडी २०१५ अखेरपर्यंत हक्काखाली होती आणि १ जानेवारी २०१६ला मोकळी झाली. दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आणखी एका वर्षाचा माल खुला होतो. गायक-वादकाचा म्हणून जो वेगळा हक्क असतो त्याची मुदत ५० वर्षं, तीही सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून.

लक्षात घ्या, इथे ‘प्रसिद्ध झाली’ हा शब्द कळीचा आहे. १९५२ची एखादी मैफल कुणी टेपवर धरून ठेवली असेल आणि ती कंपनीने १९९०मध्ये पहिल्यांदा कॅसेट म्हणून काढली असेल, तर तिची साठ वर्षं १९९१पासून मोजायची. ‘जुनं आहे म्हणजे मोकळं आहे’ हे समीकरण इथेच फसतं.

नाट्यपदांचं काय? त्यात शब्द आणि चालही कुणाची तरी असते.

बरोबर. शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. परंपरेने आलेल्या बंदिशींना हा प्रश्न फारसा येत नाही, कारण अठराव्या शतकातले ख्यालरचनाकार सदारंग यांच्यावर हक्क सांगायला आज कोण येणार? नाट्यसंगीतात मात्र हिशोब करावा लागतो. ‘मानापमान’ घ्या: नाटक १९११चं, शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ला गेले, टेंबे १९५५ला. त्यामुळे २०१६पासून दोन्ही मोकळं. बालगंधर्वांच्या आवाजातली त्यातली जुनी तबकडी तुम्ही निर्धास्त ठेवू शकता. उलट ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७चं आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ला गेले. म्हणजे त्या चाली २०५८ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, तबकडीची साठ वर्षं आधी भरली तरी.

सुरुवात कुठून करू?

इंटरनेट आर्काइव्हवरून, म्हणजे आर्काइव्ह डॉट ऑर्ग. १९९६पासून चालणारं, सॅन फ्रान्सिस्कोमधलं हे बिनानफ्याचं ग्रंथालय आहे. तिथे जगभरातल्या संग्राहकांनी हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या, एलपी, कॅसेटी चढवल्या आहेत. खातं उघडायची गरज नाही, पैसे लागत नाहीत.

पण तिथे आहे म्हणून मोकळंच आहे असं धरून चालू नका. कुणीही काहीही चढवू शकतं आणि हक्कदाराने तक्रार केली की ते काढून टाकलं जातं. जुन्या तबकड्यांच्या तिथल्या मोठ्या प्रकल्पावर २०२३ साली बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी दावा लावला होता. तो पुढे तडजोडीने मिटला. तेव्हा वर्षाचा हिशोब आपला आपणच करायचा. आणि आवडलेली मोकळी फाइल आजच उतरवून ठेवायची. ‘नंतर बघू’ म्हणून खूण करून ठेवलेली पानं पुढे रिकामी निघतात.

मी नाव टाकून शोधलं, काहीच आलं नाही. असं का?

देवनागरीत शोधलं असेल तर हाती थोडंच लागेल. चढवणाऱ्यांनी नावं बहुतांशी रोमनमध्ये, आणि तीही मनाला येतील तशी लिहिली आहेत. ‘करीम’ दोन-तीन प्रकारे लिहिलेला असतो, ‘राग’च्या मधल्या ‘आ’साठी कधी एक ए तर कधी दोन, ‘बुवा’ कधी यू-व्ही-ए तर कधी यू-डब्ल्यू-ए. यमनला बंगालकडचे लोक ‘इमन’ लिहितात. ‘मियाँ मल्हार’मधल्या ‘मियाँ’चा तर प्रत्येकाने वेगळाच स्पेलिंग केलेला असतो.

उपाय: पूर्ण नाव टाकू नका. आडनाव किंवा नावाचा सर्वात वेगळा तुकडा तेवढा टाका आणि माध्यमाच्या चाळणीतून फक्त ‘ऑडिओ’ निवडा. ‘केरकर’, ‘बडोदेकर’, ‘वझे’ असे शब्द जगात दुसऱ्या कुणाचे फारसे नसतात. ‘खान’ टाकलंत तर हजारो निकालांत बुडाल. जुन्या लेबलांवरचे किताबही वापरून पाहा: मिस, मास्टर, प्रोफेसर. त्या काळात गायकाला प्रोफेसर म्हणायची पद्धत होती, आणि चढवणाऱ्याने लेबल जसंच्या तसं उतरवलेलं असतं. बंदिशीच्या मुखड्यावरून शोधणं हा आणखी एक चांगला मार्ग. रागाचं नाव चुकीचं लिहिलं जातं, पण पहिली ओळ ऐकू येते तशी लिहिली जाते.

आणि एक फाइल चांगली निघाली की ती चढवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा. त्याने आणखी काय काय चढवलंय ते दिसतं. चांगला संग्राहक सापडणं हे चांगली फाइल सापडण्यापेक्षा मोलाचं.

एकाच गाण्यापुढे चार-पाच प्रकारच्या फायली दिसतात. कोणती घेऊ?

पानाच्या उजव्या बाजूला डाउनलोडच्या पर्यायांची यादी असते: एमपी-थ्री, फ्लॅक, ऑग, टोरंट वगैरे. ‘सगळं दाखवा’ केलंत की प्रत्येक फाइल वेगळी दिसते आणि तिच्यापुढे ती मूळ चढवलेली आहे की आर्काइव्हने आपोआप तयार केलेली, हेही समजतं. नेहमी मूळ फाइल घ्या. मूळच एमपी-थ्री असेल तर तिच्यापासून बनवलेली मोठी फाइल उतरवण्यात फक्त जागा जाते.

अमेरिकी संग्रहातल्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांच्या पानावर एकाच बाजूच्या अनेक प्रती दिसतील. तबकडीच्या खाचा झिजतात, पण सगळ्या खोलीवर सारख्या नाही. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी तीच बाजू पुन्हा पुन्हा वाजवून टिपलेली असते. कानाला जी स्वच्छ वाटेल ती ठेवा.

एमपी-थ्री की फ्लॅक?

मोबाइलवर ऐकायचं असेल तर ३२० केबीपीएसची एमपी-थ्री पुरते. तासाभराची मैफल साधारण १४० एमबी होते. सीडीच्या दर्जाची बिनदाबलेली वेव्ह फाइल तासाला ६०० एमबीच्या पुढे जाते आणि फ्लॅक तोच आवाज एकही कण न गमावता जवळपास निम्म्या जागेत बसवते. जपून ठेवायची प्रत फ्लॅक, ऐकायची एमपी-थ्री, अशी विभागणी मला सोयीची वाटते.

१२८च्या खाली उतरू नका. आपल्या संगीतात याचा पहिला बळी तानपुरा असतो: जोडीच्या तारांवरचा जवारीचा, म्हणजे घोडीला घासणाऱ्या तारेचा, झणत्कार दाबला जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळतो. एकदा असं दाबलेलं पुन्हा उघडत नाही. १२८ची फाइल ३२० करून देणारी साइट तुम्हाला फक्त मोठी फाइल देते.

तीन मिनिटांच्या तबकडीत राग काय कळणार?

हा प्रश्न नेहमी येतो आणि मला त्याचं उत्तर द्यायला आवडतं.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. बारा इंचीवर चार-साडेचार. मैफलीत दीड तास गाणाऱ्या माणसाला सांगितलं जायचं की याच्यात काय ते बसव. काहींनी सरळ नकार दिला. अल्लादियाखाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, भास्करबुवा बखल्यांचंही नाही. (म्हणून त्यांच्या नावाने कुणी फाइल टाकली असेल तर सावध व्हा.) ज्यांनी होकार दिला त्यांनी मात्र या मर्यादेचं सोनं केलं. आलापाला जागा नाही, म्हणून पहिल्या दोन स्वरसंगतींत राग उभा करायचा; मुखडा पकडायचा, एक-दोन बढतीच्या जागा, चार नेमक्या ताना आणि सुई शेवटाला जायच्या आत समेवर यायचं.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नही आवत चैन’ ऐका. खाँसाहेब मिरजेला राहिले, १९३७ला गेले, आणि ही ठुमरी अजून घरोघरी आहे. घड्याळ लावून ऐकलंत तर विश्वास बसणार नाही की एवढ्या थोड्या वेळात इतका विसावा असू शकतो. कुठेही घाई नाही. दुसऱ्या टोकाला १९०२ची गौहर जान घ्या. त्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि भारतातल्या सुरुवातीच्या तबकड्या त्याने तिथे टिपल्या. गौहर जान गाणं संपवताना इंग्रजीत खणखणीत सांगते, ‘माय नेम इज गौहर जान’. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात. तिथल्या माणसाला लेबल लावायला नाव कळावं म्हणून ही घोषणा. ध्वनिमुद्रणाला तेव्हा मायक्रोफोनही नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. तरी तानेतला एकेक दाणा वेगळा ऐकू येतो.

आणि केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सुवर्ण तबकडीत घातली गेली आणि आज ती सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. तीही साडेतीन मिनिटांचीच.

तेव्हा तीन मिनिटांत राग कळतो की नाही हे ऐकणाऱ्यावर आहे. सलग दहा वेळा ऐका. एवढ्या छोट्या फायलीचा तोच फायदा.

जुनी फाइल ऐकताना पट्टी विचित्र वाटते. आवाज चिरका का येतो?

बहुतेक वेळा वेगाचा घोळ असतो. ७८ हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या काळात तबकड्या कमी-जास्त गतीने टिपल्या जात. डिजिटल प्रत करणाऱ्याने सगळ्या सरसकट ७८वर वाजवल्या की पट्टी सरकते. फरक किती? ७८ची तबकडी ८०वर वाजवली तर पट्टी जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने चढते आणि तीन मिनिटांची बाजू चार-साडेचार सेकंद आधी संपते. काळी एकच्या गायकाचा षड्ज धड काळी एकमध्ये नाही, धड पांढरी दोनमध्ये नाही. साथीला हार्मोनियम असेल आणि तिचेच सूर आजच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असतील, तर वेगाचा संशय घ्यायला जागा आहे. खात्री मात्र नव्हे, कारण त्या काळच्या पेट्याही सगळ्या एका मापाने लावलेल्या नसत.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातला वेग व पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरा. नुसती लय बदलणारा किंवा नुसती पट्टी बदलणारा पर्याय नको. त्याने गळ्याचा पोत बिघडतो. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करा.

खरखर काढून टाकू का?

थोडी. टिकटिक काढली तर हरकत नाही. सपाट खरखर घालवायच्या नादात तानपुरा, सारंगीचा घास आणि तबल्याच्या चाटीची किनार तिच्याबरोबर जाते. पाच मिनिटं ऐकलंत की कान खरखर आपोआप बाजूला सारतो.

रागाचं किंवा कलाकाराचं नाव चुकीचं असतं असं ऐकलं. खरं का?

खरं. आणि एकाने चूक केली की पुढचे दहा जण तीच उतरवून घेतात. नावांचे घोटाळे तर ठरलेले: आग्रा घराण्याचे गायक विलायत हुसेन खाँ आणि सतारिये विलायत खाँ, कसूर-पतियाळाचे बडे गुलाम अली खाँ आणि गझल गाणारे गुलाम अली. किराण्याचे अब्दुल करीम खाँ आणि अब्दुल वहीद खाँ यांची मिसळही होते.

पडताळायचं असेल तर लेबलाचा फोटो पाहा. ज्या पानावर तबकडीच्या लेबलाचा स्पष्ट फोटो आहे ते पान निम्म्याहून अधिक विश्वासाचं. लेबलावरच्या क्रमांकावरून तबकडीचा काळही काढता येतो. यासाठी मुंबईत १९९०पासून असलेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या नियतकालिकाचे अंक फार कामाला येतात. मात्र लेबलावरचा रागही शंभर टक्के प्रमाण मानू नका. शंका आली तर जाणकाराला ऐकवा.

आर्काइव्हपलीकडे आणखी काय?

उतरवून घेण्यासाठी: बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने संगीत संशोधनासाठी ‘सराग’ नावाचा संग्रह केला आहे. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची आजच्या काळातली ध्वनिमुद्रणं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, सम आणि षड्ज कुठे आहे याच्या नोंदींसह मिळतात. धंद्यासाठी वापरायची नाहीत, एवढी अट. नव्या, स्वच्छ आवाजाच्या, परवानगीसकट मोफत फायली हव्या असतील तर इतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. संशोधकांसाठी केलं म्हणून सामान्य श्रोता तिकडे फिरकत नाही, एवढंच.

ऐकण्यासाठी: आकाशवाणीची ‘रागम्’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी, २६ जानेवारी २०१६पासून सुरू; आकाशवाणीच्या ॲपवर लागते. मूळ गोव्याचे राजन पर्रीकर यांच्या संग्रहात रागांवरचे इंग्रजी लेख आहेत आणि लेखाच्या मध्येच दुर्मीळ ध्वनिफिती आहेत. कानडाचे प्रकार किंवा सारंगाचे प्रकार शेजारी शेजारी ऐकायचे तर तिथेच जावं. मुंबईतल्या एनसीपीए या कलासंस्थेच्या सुवर्णलता राव आणि डच संशोधक विम व्हॅन डर मीर यांच्या प्रकल्पात गाणं चालू असताना स्वराची रेघ पडद्यावर चढते-उतरते. मींड म्हणजे नेमकं काय होतं हे नवख्या माणसाला दाखवायला याहून सोपं साधन नाही.

शब्द हवे असतील तर ‘आठवणीतली गाणी’ ही साइट आहेच. नाट्यपदांचे शब्द तपासायला मी तिथेच जातो. आणि भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका, तीही मराठीतली, आर्काइव्हवर स्कॅन केलेली आहे. पंडितजी १९३६ला गेले, त्यामुळे ती निःशंक उतरवून घ्या.

यूट्यूबवरून एमपी-थ्री करून देणाऱ्या साइट वापरल्या तर?

यूट्यूबच्या अटींत ते बसत नाही. त्याहून रोखठोक कारण हवं असेल तर त्या साइटींवरची खोटी ‘डाउनलोड’ बटणं पाहा. ज्येष्ठ मंडळींच्या फोनमध्ये नको ती ॲप शिरतात ती याच वाटेने. शिवाय आवाजही बरा नसतो: चढवणाऱ्याने दाबलेली फाइल यूट्यूबने दाबली, मग कन्व्हर्टरने तिसऱ्यांदा दाबली.

कलाकाराची फाइलच हवी असेल तर बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार स्वतः आपलं संगीत विकतात त्या साइटवर, त्याचं पान आहे का पाहा. काही जण तिथे ‘किंमत तुम्ही ठरवा’ असं ठेवतात. शून्य टाकलं तरी फ्लॅक उतरते. शून्य टाकू नका, एवढीच विनंती.

ग्रुपवर कुणीतरी खासगी मैफलींचा मोठा साठा दिला आहे. घ्यावा का?

खासगी मैफली टिपून ठेवणाऱ्यांमुळे पुष्कळ गाणं वाचलं, हे मान्य. घरगुती बैठकीत कुमारजी (कुमार गंधर्व) किंवा मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर) जे गायले ते कुठल्या कंपनीने काढलं असतं? पण ते कधी प्रसिद्धच झालेलं नसतं, त्यामुळे वर सांगितलेला साठ वर्षांचा हिशोब इथे लावता येत नाही. गायकाची आणि कुटुंबाची परवानगी बहुधा कुणी विचारलेली नसते. जुन्या काळी संग्राहक ‘पुढे कुणाला देऊ नका’ या शब्दावर टेप देत. तो शब्द पाळणारे पाळत.

माझं मत विचाराल तर: हयात कलाकाराची अशी फाइल घेऊ नये आणि पुढे तर मुळीच ढकलू नये. ज्यांच्या मैफलीला तिकीट काढून जाता येतं त्यांचं गाणं चोरून कशाला ऐकायचं?

मुलगी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका या संगीत परीक्षेला बसते आहे. तिच्यासाठी काय उतरवू?

द. वि. पलुसकर. डोळे मिटून. १९५५ला, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेल्या सगळ्या तबकड्या मोकळ्या आहेत. सूर स्वच्छ, शब्द स्पष्ट, तान मोजून घ्यावी अशी. मुलांना त्यांचं ‘पायोजी मैंने’ आधी आवडतं, मग त्याच आवाजातला ख्याल ऐकायला ती आपणहून बसतात. जोडीला नारायणराव व्यास आणि हिराबाई बडोदेकर. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक रागाची एकच छोटी तबकडी द्या. एका रागाचे दहा तास देऊ नका.

आम्ही अमेरिकेत असतो. इथे हेच नियम का?

नाहीत. तिथे १९२३च्या आधीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ला मोकळी झाली; १९२३ ते १९४६मधल्यांना १०० वर्षांची मुदत आहे, म्हणून २०२४पासून दरवर्षी एकेक वर्ष खुलं होतंय. गौहर जानची १९०२ची तबकडी दोन्हीकडे चालते. १९५५ची भारतात मोकळी, तुमच्याकडे नाही.

जुनी तबकडी माझ्या व्हिडिओला लावली तर हक्काचा दावा आला. आता?

हे व्हिडिओ साइटचं आपोआप तपासणारं यंत्र करतं. कंपनीने तीच जुनी तबकडी स्वच्छ करून सीडीवर काढलेली असते, आणि यंत्राला दोन्ही सारख्याच वाटतात. तबकडीचं प्रकाशनवर्ष, लेबलाचा फोटो आणि शब्द-चालीचा हिशोब जोडून हरकत नोंदवा. तुम्ही सीडीवरूनच उचललं असेल तर हरकत घेऊ नका. आणि व्हिडिओ परदेशातही दिसतो, तिथला नियम वेगळा, हे विसरू नका.

बाख, बीथोव्हेन वगैरे?

तिकडे सोपं आहे. स्वरलिपी आणि बरीच ध्वनिमुद्रणं आयएमएसएलपी या साइटवर, ध्वनिमुद्रणं म्युझओपन या साइटवर. एकच उतरवायचं असेल तर किमिको इशिझाकांनी पियानोवर वाजवलेली बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ घ्या. लोकवर्गणीतून ध्वनिमुद्रण करून २०१२मध्ये सगळे हक्क सोडून जगाला दिली आहेत.

घरी वडिलांनी टिपलेल्या कॅसेटी पडून आहेत. त्यांचं काय करू?

या वर्षीच करा. कॅसेटी थांबत नाहीत. आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. वाजवण्यापूर्वी फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले पदर सुटतात.

लॅपटॉपचं भोक बहुधा माइकचं असतं, त्यात सरळ वायर खुपसलीत तर आवाज फाटतो. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटीत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये टिपा, अख्खी बाजू सलग. मधलं बोलणं, पेटी लावणं, ‘वा बुवा’, कपबशांचे आवाज कापू नका. कुणाच्या घरची बैठक होती हे कधी कधी त्यावरूनच कळतं. डबीतल्या कागदावर वडिलांच्या अक्षरात तारीख, गाव, साथीदार लिहिलेले असतील, त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावात कलाकार, राग, मुखडा, साल घाला. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी. इंटरनेटवर चढवायचं ठरवलंत तर आधी गायकाला, ते हयात नसतील तर त्यांच्या घरच्यांना, एक फोन करा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि त्यांच्याकडे नसलेली ती मैफल त्यांनाही हवी असते.